उत्तेजन म्हणजे धार लावणे

आपल्याकडे उत्तेजन देणाऱ्या संस्थांची कधीच वाण नव्हती. एकट्या पुण्यात बघा. वक्तृत्वाला उत्तेजन देणारी वक्तृत्वोत्तेजक सभा आहे, वेदांना उत्तेजन देणारी वेदशास्त्रोत्तेजक सभा आहे, ग्रंथांसाठी ग्रंथोत्तेजक संस्था आहे. सुरी-चाकू बनवणाऱ्या लोहाराला उत्तेजन देणारी सभा काही माझ्या ऐकिवात नाही. खरं म्हणजे पहिला हक्क त्याचा. कारण 'उत्तेजन' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थच मुळी धार लावणे, पाजळणे असा आहे. 'तिज्' हा धातू. तेज, तीक्ष्ण, तितिक्षा, सगळी त्याचीच पोरं. म्हणजे आपण एखाद्याला उत्तेजन देतो तेव्हा शब्दाच्या हिशेबाने त्याला सहाणेवर धरत असतो.

सहाणेवर धरणं आणि पाठीवर थाप मारणं यांत फरक आहे. थाप सुखाची असते, सहाण थोडं झिजवते. हा फरक डोक्यात घोळत असताना एका सुरीवाल्याची गोष्ट आठवली. गोष्ट लंडनची आहे, पण तिची सुरुवात आपल्या मुंबईत होते. म्हटलं, लिहूनच टाकावी.

तर, अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईत कंपनी सरकारच्या चाकरीत हेलेनस स्कॉट नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. माणूस मोठा वल्ली. हिंदुस्थानात येऊन रुळण्याआधी त्याने 'एका रुपयाची साहसं' अशा अर्थाच्या नावाची एक कादंबरी लिहिली होती (१७८२). तिच्यात रुपया स्वतःच आपली कहाणी सांगतो! असा माणूस मुंबईत आल्यावर नुसती नाडी बघत बसणार थोडाच? इथले लोक कापड कसं रंगवतात, चुना कसा करतात, लोखंड कसं वितळवतात, हे सगळं तो बघायचा आणि लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना कळवायचा. त्याची ही पत्रं धरमपाल यांनी अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरच्या आपल्या १९७१ सालच्या पुस्तकात छापली आहेत. कापलेलं नाक पुन्हा बसवण्याच्या इथल्या पद्धतीचा उल्लेखही याच पत्रव्यवहारात येतो. पुण्याजवळच्या एका वैद्याने कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याचं टिपूच्या कैदेत कापलं गेलेलं नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवलं, ती हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. नाकाची गोष्ट फार मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.

त्याच १७९४ साली स्कॉटने बँक्सकडे पोलादाचे काही गोळे पाठवले. इथे त्याला 'वूट्झ' म्हणतात, असं त्याने कळवलं. हा शब्द बहुधा कानडी-तेलुगू 'उक्कु'चा अपभ्रंश. साहेबाच्या कानातून आणि लेखणीतून जाताना त्याचं हे रूप झालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटने सोबत पोलादाचे गुणही लिहिले. हे इतकं कठीण होतं की चकमकीच्या बंदुकीत गार जिथे आपटते तिथे ते वापरत. त्याच्या छिन्न्या, कानशी, करवती होत, दगड फोडायला आणि लोखंड कापायलाही ते चाले. सोबत त्याने एक तक्रारही मांडली. हे पोलाद जेमतेम लाल होईल इतकीच उष्णता सोसतं, त्यामुळे लोहाराला त्याचं काम अतिशय चेंगट वाटतं.

ही तक्रार लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या चेंगटपणाचीच आहे.

रॉयल सोसायटीच्या कागदांत हे पोलाद 'मुंबईत तयार होणारं' म्हणून नोंदलं गेलं. मुंबईत ते फक्त विकलं जाई. ते व्हायचं दख्खनच्या आतल्या भागात: आजच्या तेलंगणात, कर्नाटकात, त्याखाली तमिळ मुलखात. रीत ऐकायला सोपी वाटते. मातीची लहान मूस घ्यायची. तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या लाकडाच्या ढलप्या आणि वर रुईची किंवा कुठल्या वेलाची हिरवी पानं घालायची, की तोंड मातीने लिंपून बंद. अशा बऱ्याच मुशी एका भट्टीत रचून तासनतास भाता मारायचा. लाकूड आणि पानं जळून त्यांचा कार्बन लोखंडात उतरतो आणि लोखंड वितळतं. मग मूस हळूहळू निवू द्यायची आणि फोडायची. आत मुठीएवढी वडी. तरवड आणि रुई! आपल्याकडच्या कुठल्याही माळावर, रस्त्याच्या कडेला उगवणारी ही झाडं. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालताना कुणाच्या मनात येईल की याच पानांवर एकेकाळी जगातल्या सर्वोत्तम तलवारी पोसल्या?

कारण 'दमास्कसची तलवार' म्हणून जिचं कौतुक झालं, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली ती तलवार याच वड्यांची व्हायची. (आज दुकानात 'दमास्कस' म्हणून मिळतात त्या सुऱ्या बहुतेक वेगळ्या. दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकावर एक ठोकून त्यांत नक्षी आणलेली असते.) तेलंगणात निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचं गाव आहे, तिथे या वड्या होत. १८२०च्या सुमारास हेन्री व्हॉयसी नावाचा सर्जन आणि भूगर्भतज्ज्ञ तिथे गेला. तेव्हा त्याला भट्टीपाशी थेट इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी भेटला. हा गृहस्थ पोलाद विकत घ्यायला हजारो मैल आला होता आणि वड्यांचं वजन नि पारख जातीने करत होता. इराणात असं पोलाद करून बघितलं, जमलं नाही, असं त्याचं म्हणणं.

मला या सगळ्या हकिगतीत हा व्यापारी फार महत्त्वाचा वाटतो. इतक्या लांबून यायचं, भट्टीशेजारी तळ ठोकायचा आणि एकेक वडी पारखून घ्यायची. असं गिऱ्हाईक असेल तर कारागिराची काय बिशाद आहे हलकं काम करायची? हजार वाहवांपेक्षा असं एक खडूस गिऱ्हाईक जास्त उत्तेजन देत असणार.

आता लंडनला जाऊ. बँक्सने स्कॉटचं पोलाद जॉर्ज पिअर्सन या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे तपासायला दिलं. पिअर्सनने त्याच्यावर आम्ल टाकलं, ते तापवलं, तोललं आणि १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पण पोलादाची खरी परीक्षा परीक्षानळीत होत नाही, धारेत होते. म्हणून बँक्सच्या इच्छेवरून एक तुकडा जेम्स स्टोडार्टकडे गेला. हा स्टोडार्ट म्हणजे आपला सुरीवाला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर ४०१ नंबरला त्याचं दुकान. वस्तरे, चाकू आणि सर्जन लोकांची हत्यारं तो बनवायचा. त्याला सांगितलं गेलं, याचा एक कलमतराश करून दाखव. कलमतराश म्हणजे पिसाची लेखणी तासायचा छोटा चाकू. इंग्रजीतल्या 'पेननाइफ'चं मूळ काम तेच.

तेव्हाच्या स्टोडार्टची कल्पना करा. दुकान चांगलं चाललेलं. हातात येणारं इंग्लिश ओतीव पोलाद उत्तम. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची युक्ती शोधल्यापासून त्याची कमतरता नव्हती. आणि आता कुणीतरी हिंदुस्थानातून आलेला एक दगडासारखा गोळा पुढ्यात ठेवतोय. नेहमीसारखा तापवून घण मारला तर त्याचे तुकडे होतात. एका छोट्या चाकूसाठी एवढा उपद्व्याप कोण करील? 'साहेब, हे आमच्या कामाचं नाही' म्हणून त्याने तुकडा परत केला असता तर कुणी दोष दिला नसता.

त्याने तो केला. पिअर्सनच्या निबंधातली नोंद फार सुंदर आहे. स्टोडार्टने पोलाद एवढंच तापवलं की त्याची लाली फक्त अंधारात दिसावी. म्हणजे दिवसाउजेडी काळं दिसणारं लोखंड ठोकायचं! प्रत्येक वेळी थोडंसंच हलणार, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी चाकू झाला, त्याला पाणी नीट चढलं, आणि उत्तम इंग्लिश चाकूइतकाच तो चालला. इथवर बरोबरी झाली. पण स्टोडार्टने आपल्या हाताला काय जाणवलं तेही सांगितलं: त्रास फार असला तरी बऱ्याच कामांना हे पोलाद इंग्लंडात वापरात असलेल्या कुठल्याही पोलादापेक्षा सरस आहे. धार जास्त बारीक, जास्त मजबूत आणि जास्त टिकाऊ राहील. म्हणून नस्तर आणि शस्त्रक्रियेच्या इतर हत्यारांना ते खास उपयोगी पडेल.

नस्तर! ज्या काळात भूल नव्हती, त्या काळात हत्याराची धार म्हणजे रोग्याच्या वेदनेचा हिशेब होता. बोथट नस्तराने दोनदा कापावं लागतं. त्यामुळे स्टोडार्टच्या या शेऱ्याकडे नुसतं धंदेवाईक मत म्हणून बघता येत नाही.

आणि मग त्याने ते काम सोडलं नाही. पुढची कित्येक वर्षं तो वूट्झ वापरत राहिला, स्वतः तुलना करत राहिला. आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने छापलं की आपली सर्जरीची हत्यारं नि वस्तरे हिंदुस्थानातल्या वूट्झची आहेत आणि वर्षानुवर्षं ताडून पाहिल्यावर आपण ते युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा पसंत करतो. स्ट्रँडवरच्या एका इंग्रज कारागिराने भर एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर हे छापून वाटायचं, याला थोडं धैर्य लागत असणार. गंमत म्हणजे त्याआधी शे-सव्वाशे वर्षं आपले मराठे सरदार युरोपातून आलेल्या पात्यांच्या 'फिरंग' तलवारी कौतुकाने बाळगत होते. पिकतं तिथे विकत नाही, हे दोन्हीकडे सारखंच!

इथे गोष्ट संपली असती तरी पुरे होतं. पण सुरीवाल्याला एकदा अवघड कामाची चटक लागली की तो दुसऱ्यांनाही कामाला लावतो. १८१८च्या सुमारास साठीकडे झुकलेला स्टोडार्ट रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत एका पंचविशीतल्या सहायकाबरोबर भट्टी पेटवून बसू लागला. प्रश्न एकच: हिंदुस्थानच्या या पोलादात असं आहे तरी काय? ते आपल्याला इथे करता येईल का? तो सहायक म्हणजे मायकेल फॅरडे. शिक्षण जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. आणि बाप लोहार. लोहाराचा मुलगा आणि सुरीवाला एका भट्टीसमोर बसले तर त्यांना भाषेची अडचण पडली नसेल.

फॅरडेने १८१९ मध्ये वूट्झचं पृथक्करण छापलं. त्याचा निष्कर्ष असा की गुण थोड्याशा सिलिका आणि अल्युमिनाचा असावा. हा निष्कर्ष चुकीचा निघाला. पण चुकीच्या पत्त्यावर जाताना वाटेत भलतंच गाव लागावं तसं झालं. 'पोलादात दुसरं काहीतरी थोडंसं मिसळलं की ते बदलतं' ही कल्पना पक्की धरून दोघांनी एकेक धातू पोलादात घालून बघायला सुरुवात केली. चांदी, निकेल, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम. चांदीचं प्रमाण जास्त झालं तर ती निवताना पोलादातून घामाच्या थेंबांसारखी बाहेर येते आणि पाचशेत एक भाग एवढीच घातली तर आत राहते, हे त्यांनी शोधलं. १८२० आणि १८२२ मध्ये दोघांच्या नावाने निबंध निघाले. शेफिल्डमध्ये मोठ्या प्रमाणावरही ही पोलादं करून पाहिली. फॅरडे आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देई. १८२१ मध्ये स्टोडार्ट रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. दुकानदार सुरीवाला, पण वूट्झचा तुकडा ज्या सभेकडून त्याच्याकडे आला, तिच्यातच तो सदस्य म्हणून बसला.

१८२३ मध्ये स्टोडार्ट गेला आणि थोड्याच काळात फॅरडेने पोलादाचं काम थांबवलं. पुढे विजेत त्याने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलादाच्या नमुन्यांची लाकडी पेटी मात्र रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पडून राहिली. शंभर वर्षांनी सर रॉबर्ट हॅडफिल्ड या पोलादतज्ज्ञाने तिच्यातले ७९ नमुने तपासले आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मिश्रपोलादांचा पहिला पद्धतशीर अभ्यास हाच, हे तेव्हा लोकांना कळलं. त्याच्या मुळाशी एक कलमतराश होता.

क्रोमियमचं नाव आलंच आहे तर आणखी एक सुरीवाला सांगतो. फॅरडे-स्टोडार्टच्या पोलादात क्रोमियम अगदी थोडं होतं, त्याने गंज थांबत नाही. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना त्यात क्रोमियम जवळजवळ तेरा टक्के घातलं आणि त्याच्या लक्षात आलं की याला गंज चढत नाही. याच्या सुऱ्या झाल्या तर! त्याने शेफिल्डच्या सुरीवाल्यांना नमुने दिले. उत्तर आलं, हे ठोकवत नाही, घासवत नाही, याला धार धरत नाही. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' म्हणून त्याची टिंगल झाली. शेवटी १९१४ मध्ये मोझली कंपनीतला अर्नेस्ट स्टुअर्ट तयार झाला. त्याच्याही पहिल्या सुऱ्या बिघडल्या, हत्यारं बोथट झाली. तिसऱ्या खेपेला ब्रिअर्ली स्वतः कामापाशी हजर राहिला आणि सुऱ्या जमल्या. स्टुअर्टने पातं व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिलं, डाग पडला नाही, म्हणून 'स्टेनलेस' हे नाव त्यानेच सुचवलं. आज आपल्या स्वयंपाकघरात डब्यापासून चमच्यापर्यंत जो शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो, तो एका सुरीवाल्याच्या तोंडचा आहे.

इथे मला 'तिसऱ्या खेपेला स्वतः हजर राहिला' हे सगळ्यात आवडतं. पहिल्या खेपेच्या अपयशानंतर ब्रिअर्ली 'तुम्हाला जमत नाही' म्हणून निघून गेला असता, तर स्टुअर्टही त्या आधीच्या सुरीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसला असता.

बरं, मग आपल्या मुशीवाल्यांचं काय झालं? या सगळ्या हकिगतीत नावं बघा: स्कॉट, बँक्स, पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरडे, हॅडफिल्ड. वडी करणारा कुणीच नाही. वड्या मुंबईहून लंडनला गेल्या, त्यांच्यावर निबंध झाले, वस्तरे झाले. 'तुझ्या पोलादाचा नस्तर उत्तम झाला, आता आणखी थोडं असं करून बघ' असं भट्टीशी सांगायला यावं, तर ती वाट एकाच दिशेने वाहत होती. एकोणिसाव्या शतकात इकडच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. कारणं बरीच होती. स्वस्त विलायती लोखंड आलं, जंगलाचे कायदे आले आणि कोळसा महागला, संस्थानांच्या फौजा गेल्या, १८७८ मध्ये हत्यारबंदीचा कायदा आला. तलवारच नको तर तलवारीचं पोलाद कुणाला हवं? इस्फहानचा तो व्यापारीही यायचा थांबला. मला वाटतं, कौशल्य असं मरतं. आधी पारख करणारा गिऱ्हाईक येईनासा होतो. मग कारागीर हलकं काम करतो, कारण तेवढंच कुणी मागतं. मग त्याचा मुलगा दुसरं काहीतरी करतो. हातातली युक्ती कागदावर नसते, त्यामुळे एका पिढीचा खंड पुरतो.

हा खंड किती महाग पडतो ते बघायचं तर थेट विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जावं लागेल. फ्लोरिडातल्या विलिस्टन गावी अल्फ्रेड पेंड्रे नावाचा नालबंद होता. घोड्यांना नाल मारणं हा धंदा, सुऱ्या घडवणं हा नाद. त्याला जुन्या वूट्झची लाटांची नक्षी पुन्हा आणायची होती. स्वतःच मुशी करायच्या, लोखंड वितळवायचं, ठोकायचं. कधी नक्षी यायची, कधी नाही. का, ते कळायचं नाही. त्याची गाठ पडली आयोवा स्टेट विद्यापीठातल्या जॉन व्हर्होवेन या धातुशास्त्राच्या प्राध्यापकाशी. प्राध्यापकाकडे सूक्ष्मदर्शक होता, पण हात नव्हता. नालबंदाकडे हात होता, पण सूक्ष्मदर्शक नव्हता. पुन्हा तीच स्टोडार्ट-फॅरडेची जोडी! स्वित्झर्लंडच्या बर्न इथल्या संग्रहालयात हेन्री मोझर या प्रवाशाने जमवलेल्या तलवारींपैकी काही १९२४ मध्ये तपासणीसाठी कापल्या गेल्या होत्या. त्यांचे उरलेले तुकडे या दोघांना मिळाले.

१९९८ च्या निबंधात त्यांनी मांडलेलं उत्तर थक्क करणारं आहे. सगळी करामत अशुद्धीची! लोखंडात व्हॅनेडियमसारखा एखादा धातू अत्यल्प असला, एक किलोत तीस मिलिग्रॅम इतकाही, तर पुन्हा पुन्हा तापवताना-ठोकताना कार्बाइडचे पांढरे कण ओळीने गोळा होतात आणि नक्षी उमटते. तो नसला तर कितीही ठोका, पातं कोरंच राहतं. म्हणजे फॅरडेचं 'थोडंसं काहीतरी' हे तत्त्व बरोबर होतं, नुसता पदार्थ चुकला होता. आणि हे पोलाद फार तापवायचंच नाही, नाहीतर कण विरघळून नक्षी जाते. स्कॉटच्या लोहारांना चेंगट वाटणारा तो मंद विस्तव, स्टोडार्टची ती अंधारातली लाली, त्यातच मर्म होतं.

आपल्या दख्खनच्या मुशीवाल्यांना व्हॅनेडियम ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण अमुक खाणीचं लोखंड चालतं, तमुक खाणीचं नाही, हे त्यांच्या हाताला माहीत असणारच. आणि हात बोलायचे थांबले तेव्हा विचारायला कुणी उरलं नाही. मग दोन खंडांतल्या शहाण्या माणसांना ते पुन्हा शोधायला दोनशे वर्षं लागली.

असो. इतिहास झाला, आता आपल्यापुरतं बोलतो.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीत एखादा लोहार असतो. गावाकडे असतो, नाहीतर पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेला पाल ठोकून, भाता लावून बसणारं घिसाड्याचं कुटुंब असतं. आपण त्यांच्याकडे काय मागतो? विळीला धार, कोयत्याला पाणी, फार तर एखादी पहार. तेही घासाघीस करून. वर घरी येऊन म्हणतो, पूर्वीसारखे अडकित्ते आता होत नाहीत हो! अडकित्ता शेवटचा मागितला कधी होता आपण?

मागून बघा. एखादी गोष्ट अशी मागा की जी त्याने आजवर केलेली नाही. डावखुऱ्या सुनेसाठी तिच्या हाताला बसेल अशी विळी. आजोबांच्या थरथरत्या हाताला झेपेल असा छोटा, जाड मुठीचा चाकू. नारळ फोडायला, फणस चिरायला तुम्हाला हवं तसं पातं. कागदावर चित्र काढून न्या, पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. वेळ द्या. पहिला बिघडला तर त्याचेही पैसे द्या, कारण बिघडलेल्या पहिल्या पात्यावरच दुसरं उभं राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्याभराने परत जाऊन सांगा की कुठे छान कापतं आणि कुठे अडतं. बँक्सने काम दिलं, पिअर्सनने पारख केली, ब्रिअर्ली तिसऱ्या खेपेला जवळ उभा राहिला, व्हर्होवेनने 'का' ते शोधलं. यांतलं एखादं काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. रॉयल सोसायटी नसली म्हणून काय झालं?

तो कदाचित नाही म्हणेल. 'असलं आमच्यात करत नाहीत' म्हणेल. म्हणू दे. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. कुणी सांगावं, तुम्ही निघून गेल्यावर तो त्या पुठ्ठ्याच्या नमुन्याकडे बघत बसलेला असेल.